चुकलेल्या महिन्याचं श्राद्ध

देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासून कोरडी. पण बाबांनी लहानपणी माझ्या कानावर इतकं शास्त्र घातलंय, की आजही कुणी तिथीवाराबद्दल चुकीचं बोललं की माझी जीभ वळवळते. तरी मी गप्प बसते. त्याला कारण आहे.

आम्ही भोपाळला, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा कारखान्यात टर्बाइनच्या विभागात सुपरवायझर. संध्याकाळी स्कूटर लावली, हातपाय धुतले, चहा झाला की ते पोथी काढायचे. आमच्या लाइनीत मराठी घरं चार. आम्ही नागपूरचे, बाकीचे उज्जैन-ग्वाल्हेरकडचे. कुणाला काही अडलं, सुतक किती दिवस, उपासाला अमुक चालतं का, की आमची कडी वाजायची. बाबा चष्मा लावत, पान उलटत आणि निकाल देत. आई आतून म्हणायची, "कारखान्यात कुणी विचारत नाही, म्हणून साहेबी इथे!" बाबांना ऐकू जायचं, पण शास्त्र सांगताना ते बहिरे होत.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकू राहायच्या. त्यांचे यजमानही कारखान्यातच होते. मूलबाळ नव्हतं. मी आठ वर्षांची असताना, एका उन्हाळ्यात, ते काका दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. तेव्हा बाबा चार महिन्यांसाठी लांबच्या एका वीजकेंद्रावर, साइटला गेले होते, आणि आई मला घेऊन आजोळी. आमच्यापैकी इथे कुणीच नव्हतं, आणि ही गोष्ट बाबांच्या मनाला फार लागली होती.

वर्ष भरत आलं तेव्हा श्राद्ध कुणी करायचं असा प्रश्न आला. काकूंच्या दिराला रजा मिळेना, म्हणजे त्याला ती नकोच होती. काकू आमच्याकडे आल्या आणि दाराशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "भाऊजी, मी केलं तर चालेल?" लाइनीतल्या दोन बायका तेवढ्यात कुजबुजल्यासुद्धा, की बाई कुठे श्राद्ध करते का, अगंबाई! बाबांनी तीन दिवस पोथ्या चाळल्या. चौथ्या दिवशी सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं, की मूल नसेल तर बायकोला अधिकार आहे; तिनं दिलेलं नवऱ्याला पोचतं. काकू पदर तोंडाला लावून रडल्या. बाबांचे दोष मी पुढे सांगणारच आहे, पण हे श्रेय त्यांचंच.

मग तिथी. स्मशानघाटावरच्या पंडितजींनी काका गेले त्या दिवशी एका कागदावर ती हिंदीत लिहून दिली होती: वैशाख, कृष्ण पक्ष, सप्तमी. काकूंनी तो कागद घडी घालून डब्यात ठेवला होता. बाबांनी तो वाचला आणि मंद हसले. आता इथे थोडं पंचांग सांगायला हवं. आमचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे अंधारा पंधरवडा आला, की त्याच दिवसांना ते पुढच्या महिन्याचं नाव देतात. त्या पंधरवड्यात त्यांचा वैशाख म्हणजे आपला चैत्र. भोपाळात राहणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक असावं लागतं, नाहीतर श्रावणापासून सगळीकडे घोळ. बाबांना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचा अभिमानही होता. "वहिनी, हे यांचं वैशाख आहे," ते म्हणाले. "आपल्यात चैत्र वद्य सप्तमी. कुणी कच्चा माणूस असता तर महिनाभर उशिरा करून बसला असता." काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग म्हणाल्या, "बरं."

तेव्हापासून दरवर्षी चैत्र वद्य सप्तमीला काकूंकडे श्राद्ध. मंत्र सांगायला बाबा आणि ब्राह्मण म्हणून जेवायलाही बाबाच. कॉलनीत तेवढंच जमायचं. बाबा सुट्टी टाकून जायचे. काकू तीळ-पाणी सोडायच्या, मग खीर, वडे, आमसुलाची चटणी. मागच्या भिंतीवर पान ठेवलं की कावळा लगेच शिवायचा. बाबा म्हणायचे, बघा, समाधान झालं. पिपलानीचे कावळे साबणाची वडीसुद्धा उचलतात, हे मी मनात म्हणायची.

जेवण झाल्यावर बाबा शास्त्र समजावून सांगत. गेलेला माणूस त्याच्या तिथीला वाऱ्याच्या रूपानं दाराशी येतो. नाव आणि गोत्र घेऊन दिलेलं अन्न तो ज्या जन्मात असेल तिथे त्याला पोचतं; देव झाला असेल तर अमृत होऊन, जनावर झाला असेल तर गवत होऊन. आणि त्या दिवशी दार बंद दिसलं, तर तो उसासा टाकून उपाशी परत जातो. हे शेवटचं सांगताना बाबांचा आवाज फार छान लागायचा. काकू डोळे मिटून ऐकायच्या.

अशी सात श्राद्धं झाली. सातवं होऊन अकरा दिवसांनी अक्षय तृतीया आली. मी तेव्हा पंधरा वर्षांची. काकू कैरीची डाळ आणि पन्हं घेऊन आमच्याकडे आल्या. बाबांनी नुकताच आजोबांच्या नावानं पाण्याचा घडा भरला होता. तो बघून काकू आईला सहज म्हणाल्या, "ह्यांनीसुद्धा त्या वर्षी स्वतः भरला होता हो घडा, वडिलांच्या नावानं. बाजारातून खांद्यावरून आणला. मग तीन आठवडेसुद्धा नाही काढले."

बाबांच्या हातात पन्ह्याचा पेला होता. तो त्यांनी खाली ठेवला.

मलाही कळलं; त्या घरात राहून तेवढं पंचांग माझंही झालं होतं. अक्षय तृतीया वैशाखाच्या तिसऱ्या दिवशी येते, चैत्र पार संपल्यावर. जो माणूस अक्षय तृतीयेला घडा भरतो, तो त्याआधीच्या चैत्रात गेलेला कसा असेल?

काकू घरी गेल्या. बाबा बुशशर्ट चढवून स्कूटर काढून निघाले ते थेट पंडितजींकडे, त्यांच्या देवळात. मी मागे बसले होते. पंडितजी म्हातारे झाले होते, पण त्यांना आठवत होतं. म्हणाले, "आप मराठी लोग हैं, सो हमने आपके हिसाब से वैशाख लिखा था. हमारे यहाँ तो जेठ चल रहा था." त्या भल्या माणसानं आमचा विचार करून महिना आधीच आमचा लिहिला होता. बाबांनी शहाणपणा करून त्यातून आणखी एक महिना काढला.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." नंतर बाबांचा चेहरा बघून तिनं आवाज खाली आणला. "जाऊन सांगा सरळ."

पण बाबांना ते जमेना. खरी तिथी, वैशाख वद्य सप्तमी, एकोणीस दिवसांवर होती. ते रोज पोथ्यांत वाट शोधायला लागले. तिथी माहीत नसेल तर अमावास्येला करा, असं सापडलं. पण इथे तिथी माहीत होती. विघ्न आलं तर पुढे ढकला, असंही सापडलं. पण विघ्न म्हणजे तेच होते. मला त्यांचा राग यायचा. सात वर्षं एका बाईला सांगितलं, की दार बंद दिसलं तर तो उपाशी जातो, आणि आता दार चुकीच्या दिवशी उघडलं हे सांगायची हिंमत नाही! मी एकदा तसं तोंडावर बोललेसुद्धा. ते रागावले नाहीत. "तिला काय वाटेल गं," एवढंच म्हणाले. त्यांचं जेवण तुटलं होतं. लोक शंका विचारायला आले तर आईला सांगत, घरी नाहीत म्हण.

सप्तमीच्या दोन दिवस आधी ते उठले आणि म्हणाले, "चल." मला का सोबत घेतलं कोण जाणे. बहुतेक एकट्यानं जाववेना.

काकू तांदूळ निवडत होत्या. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पंडितजींचं, कागदाचं, स्वतःच्या शहाणपणाचं. शेवटी म्हणाले, "वहिनी, सात वर्षं त्यांचं जेवण मी जेवलो."

काकूंचा हात तांदळात तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे सात वर्षं त्यांना मिळालं नाही?"

बाबांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. ते म्हणाले, "मला माहीत नाही."

मला वाटलं त्या रडतील. त्या चिडल्या. त्यांना चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मला एकदा तरी विचारायचं होतंत, भाऊजी! कागद वाचलात, पोथी वाचलीत. मी होते ना इथे. माझ्या मांडीवर गेले ते. लग्नसराईचे बँड वाजत होते, आंबे पिकले होते. मला कळत नव्हतं का?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही माझ्यासाठी सगळ्यांशी भांडलात. मला त्यांना पाणी देता आलं ते तुमच्यामुळे. तुम्ही म्हणालात चैत्र, म्हटलं शास्त्रात असंच असेल, आपल्याला काय कळतं."

बाबा खाली बसले. जमिनीवरच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना. मला लाज वाटली, आणि त्यांची दयाही आली.

काकू पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. आता त्यांचा आवाज उतरला होता. "त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. कधी दुपारी तीनला यायचे, कधी सकाळी. मी ताट झाकून ठेवायची. आले की जेवायचे. गार झालं म्हणून कधी उठले नाहीत. महिनाभर आधी वाढलं म्हणून परत जातील असे नव्हते ते." मग तांदळाचं ताट बाजूला सरकवून म्हणाल्या, "परवा या. जेवायलासुद्धा तुम्हीच."

"मी नको, वहिनी. दुसरं कुणी बघतो."

"दुसरं कुणी नको. वडे तळतेय मी, उगाच नखरे नकोत."

सप्तमीला आम्ही गेलो. बाबांनी पंचांग घेतलं नव्हतं, पोथीही नाही. काकू पाटावर बसल्या, ओंजळीत तीळ घेतले. श्राद्धाच्या सुरुवातीला संकल्प असतो. आज कोणता महिना, कोणता पक्ष, कोणती तिथी, ते मोठ्यानं म्हणायचं. बाबा म्हणायला लागले, त्यांचा तो छान लागणारा आवाज आज घोगरा होता. महिन्यापाशी आले आणि थांबले. मला वाटलं विसरले. पण ते काकूंकडे बघत होते.

"वहिनी, महिना?"

काकूंनी मान वर केली.

"वैशाख," त्या म्हणाल्या.

"वैशाख," बाबा त्यांच्या मागून म्हणाले, आणि काकूंनी पाणी सोडलं.