चारशे सतराची खाच

स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ गावात जुन्या घड्याळांचा बाजार भरला की नेली पेर्नू न चुकता जायची आणि न चुकता चिडून परत यायची. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र शाबूत. सोबत सोलांज असायची. दोघींनी एकाच कारखान्यात, एकाच उंच खिडकीखाली तीस वर्षं शेजारी-शेजारी बसून काम केलं होतं.

घड्याळांचं वेड नेलीलाही कळायचं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ती पातळ सोनेरी घड्याळं! तबकडीवर आकडे नाहीत, नुसत्या नाजूक रेघा. कोटाच्या बाहीखाली अलगद सरकणारी. मनगट हललं की आतलं वजन फिरतं, आपोआप चावी दिली जाते आणि कानाशी धरलं तर हलकी घुरघुर ऐकू येते. पण ही संग्राहक मंडळी घड्याळ घेणार आणि तिजोरीत ठेवणार. हाताच्या हालचालीवर जगणारं घड्याळ, त्याला हातच नाही! "मांजर आणायचं आणि पेटीत कोंडायचं, तसली यांची माया," असं ती ज्याला त्याला ऐकवायची.

खरं दुखणं वेगळंच होतं. या घड्याळांचा सगळा जीव केसाएवढ्या बारीक, गोल गुंडाळलेल्या बालकमानीत. या कमानीला चिमट्याने वळण देऊन घड्याळ वेळेवर आणायचं काम कारखान्यात बायका करायच्या. प्रमाणपत्रावर नाव यायचं विभागाच्या साहेबाचं, म्हणजे कालाम यांचं. आणि चांगल्या कामाची खूण हीच, की कमानीवर कसलीही खूण राहत नाही. त्यामुळे नेलीच्या हातची हजारो घड्याळं जगभर हिंडत होती आणि त्यातलं एकही 'हे माझं' म्हणून दाखवायची सोय नव्हती. मरण्याआधी एका तरी घड्याळाशेजारी आपलं नाव वाचायला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

यंदा बाजारात तिएरी झाको नावाचा एक जाणकार काचेच्या पेटीपाशी उभा राहून लोकांना समजावत होता. पेटीत एकच घड्याळ.

"एकोणीसशे एकोणसाठ सालचं! दिवसाला एका सेकंदाचाही फरक नाही. मंडळी, कालामसाहेबांनी या कमानीत जीव ओतलाय. असा हात आता होणे नाही."

नेलीने चष्मा सावरून शेजारच्या कार्डावरचा नंबर वाचला. शेवटचे आकडे चारशे सतरा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सोलांज, अगं हे तेच!"

"कुठलं तेच?"

"बुटांचं!"

"अगंबाई!" सोलांजने तोंडावर हात ठेवला.

कालामसाहेबांना एक खोड होती. बाहेरून आले की बुटांचा बर्फ दाराबाहेर झटकायचा सोडून ते आत येऊन नेलीच्या पाठीमागच्या फळ्यांवर धाडधाड पाय आपटायचे. सगळी टेबलं हादरायची. जिन्यात पावलं वाजली की बायका आधीच चिमटे उचलून धरायच्या. त्या दिवशी नेली शेवटच्या वळणात इतकी बुडाली होती, की तिला पावलं ऐकूच आली नाहीत. बूट आपटले, चिमटा घसरला आणि कमानीला खालच्या अंगाने बारीक खाच पडली. तरीही घड्याळ इतकं अचूक चाललं, की कालाम म्हणाले, "जाऊ दे, खालून कोण बघतंय!" आणि आपल्या नावाने पाठवून मोकळे झाले. वर निष्काळजीपणाबद्दल बोलणी खाल्ली ती नेलीने. पोटासाठी गप्प बसली, पण नंबर विसरली नाही.

आता मात्र ती गर्दीतून कोपराने वाट काढत पुढे गेली.

"अहो झाको, ती कमान कालामची नाही. तिला वळण मी दिलंय."

चारदोन जण हसले. झाकोही हसला. "मादाम, असं सांगणाऱ्या आज्या मला दर वर्षी भेटतात."

"भेटणारच! कामच आज्यांनी केलंय, तर काय कालाम भेटणार? उघडा मागचं झाकण. बाहेरच्या वळणावर, खालच्या बाजूला, खाच आहे. नसली तर इथेच सगळ्यांसमोर तुमची माफी मागते."

लोकांपुढे झाकोला माघार घेता येईना. त्याने झाकण उघडलं, आत छोटा आरसा धरला, डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ तो वाकून होता. उठला तेव्हा त्याचं हसू मावळलं होतं.

"आहे," तो म्हणाला.

सोलांजने टाळ्या पिटल्या. नेलीला रडू फुटलं आणि रडू आलं म्हणून तिला आणखी राग आला. झाकोने तिचा हात हातात घेतला, नाव नीट विचारून लिहून घेतलं आणि आत्ताच्या आत्ता कार्डावर घालतो म्हणून शब्द दिला. दोघी मैत्रिणी कॉफी प्यायला गेल्या. नेलीने दोन वेळा साखर घातली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

परत येऊन पाहतात तर कार्डावर नवी ओळ होती.

'वेळ लावणारे : कालाम. कमानीवरील खाच : नेली पेर्नू.'

त्रेसष्ट वर्षांनी घड्याळाशेजारी नाव आलं, ते असं!

"हा तुमचा न्याय?" नेली कडाडली. "करामत साहेबाची आणि खोट बाईची?"

"पण मादाम, कागदपत्रांत कालाम यांचंच—"

"कागद कालामनेच लिहिलेत, शहाण्या!"

तिने झाकोच्या खिशातलं पेन ओढून काढलं, पेटीतलं कार्ड घेतलं, दोन्ही नावांवर काट मारली आणि त्यांच्या जागा बदलल्या. मग खाचेच्या ओळीत कालामच्या नावापुढे कंस करून त्यात 'बुटांनी' असं लिहिलं.

"आता वाचा," पेन त्याच्या खिशात परत खोचत ती म्हणाली, "मघाच्यासारखं, मोठ्याने."