खाली उभी राहिलेली कमान

"बाई, पॅराबोलाची व्याख्या मला पाठ आहे, पण कळत नाही. मी गणित सोडते," असं नफीसानं सकाळी सांगितलं, तेव्हा मी अकरावीचा अख्खा वर्ग मैदानात नेला.

त्या व्याख्येत एक रेषा असते आणि एक बिंदू. आमची रेषा म्हणजे शाळेची कुंपणभिंत, आणि बिंदू म्हणजे तिच्यापासून सहा पावलांवर उभी केलेली प्रिया. "प्रत्येकानं भिंतीपासून जितकं लांब, तितकंच प्रियापासून लांब उभं राहायचं," एवढंच मी म्हटलं. मुलं दोऱ्या घेऊन मापू लागली, पुढंमागं सरकली, भांडलीसुद्धा. नफीसाला मी गच्चीवर पाठवलं.

"बाई! कमान झालीय!" ती वरून ओरडली. "कुणी सांगितलं नसताना!"

मी धावतच वर गेले. वीस वर्षं ही रेघ मी फळ्यावर हातानं वळवत आले होते. इथं ती आपसूक वळली होती, प्रत्येकानं फक्त आपलं अंतर सांभाळलं म्हणून. आपणही माणसांमध्ये असंच अंतर राखत जगतो, आणि त्याला काही आकार येतोय हे खालून दिसत नाही.

"बाई, प्रिया सरकली तर?"

"तूच बघ."

"प्रिये, भिंतीपासून अजून चार पावलं लांब हो!"

प्रिया सरकली. खाली सगळ्यांची धांदल उडाली, आणि कमान डोळ्यांदेखत पसरली. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.

"कुणी जाऊ नका रे!" नफीसा कठड्यावरून ओरडली. "आता प्रियाला भिंतीजवळ आणून बघायचंय!"