तिथी नसलेलं पान

उडदाच्या वड्यांचा वास आला की काचीगुड्याचं घर आठवतं. थोरला भाऊ ब्रह्मदेशच्या लढाईत गेला, पण कुठल्या दिवशी ते सरकारी तारेत नव्हतं. भटजी म्हणाले, श्राद्ध सर्वपित्रीला घाला. आई म्हणाली, "नको. लढाईत पडलेल्यांचा नोव्हेंबरातला दिवस असतो, त्या दिवशी जेवेल तो, दोस्तांबरोबर." दरवर्षी गल्लीतली मराठी घरं जेवायला यायची. भाषेप्रमाणे राज्य वाटलं गेलं त्या वर्षी सगळे औरंगाबादेकडे निघून गेले. आईनं तरीही तितकीच पानं मांडली. "आता ही कुणाची?" मी विचारलं. "त्याच्या दोस्तांची. त्यांच्या आयांनी कुठला दिवस धरला असेल, कोण जाणे." आम्ही दोघीच जेवलो. आता कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच त्या दिवशी दोन पानं वाढते. आईची तिथी मला पक्की ठाऊक आहे, पण तिचं पान मी त्याच दिवशी मांडते.