पापणीतले पांढरे ठिपके

त्या दिवशी सकाळीच सुधाचा, माझ्या भावजयीचा, फोन आला. “ताई, हे गेले…” एवढंच बोलली. माधव माझा धाकटा भाऊ. रडू नंतर आलं, आधी रागच आला, आणि दोन महिने होत आले तरी तो उतरलेला नाही.

नाशकात माधव डोळ्यांचा डॉक्टर म्हणून नावाजलेला, आणि हट्टी म्हणून त्याहून जास्त. दोन हजार सालानंतर केव्हातरी त्यानं एक महागडं सूक्ष्मदर्शक आणलं. बधिर करणारे थेंब टाकायचे, पापणी उलटी करायची, यंत्राचं टोक आतून टेकवायचं, की कडेच्या बारीक तेलग्रंथी पडद्यावर मोठ्या होऊन दिसायच्या. सूज असली की त्यांच्याभोवती पांढरे ठिपके. झालं! तेव्हापासून त्याचा माणसांच्या बोलण्यावरचा विश्वासच उडाला. चांदवडचे एक कांदा व्यापारी खूश होऊन सांगत होते, “डॉक्टर, डोळं आता झकास हाय. जळजळ नाय, काय नाय. औषध बंद करू ना?” हा म्हणाला, “तुम्हाला बरं वाटतंय हो, ग्रंथी अजून सुजलेल्याच आहेत. हे ठिपके बघा.” बिचारे पुन्हा औषध घेऊन गेले. मीही त्याच दुखण्याची पेशंट. डोळे ठणठणीत वाटायला लागले तरी माझी सुटका नाही. “ताई, तुझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? फोटो काय म्हणतो ते बघ.” सख्ख्या बहिणीला असं!

आणि हाच माणूस दिवाळीत माझा जिना चढून आला तेव्हा छाती चोळत होता. “कार्डिओग्राम काढून घे,” म्हटलं. “अ‍ॅसिडिटी आहे गं. जरा बसलो की बरं वाटतं.” मी भडकलेच. “वाटतं? तुझं वाटण्यावर कधीपासून भागायला लागलं?” तो हसला, आणखी दोन करंज्या खाल्ल्या… आणि पंधरवड्यात हार्ट अटॅकनं गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुसऱ्याच्या पापणीतला ठिपका ज्याला सोडवत नव्हता, त्यानं स्वतःच्या छातीची एक साधी तपासणी केली नाही. कुणावर चिडायचं आता?

परवा त्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा फोटो काढला. ग्रंथी स्वच्छ. औषध बंद, सकाळचा शेक तेवढा ठेवा, म्हणाल्या. गरम पाण्यातून पिळलेलं फडकं पापण्यांवर धरून बसते आणि ते गार होईपर्यंत माधवला तोंडाला येईल ते सुनावते. जन्मभर माझ्या एका शब्दाला चार शब्द परत करणारा माणूस… आता मुकाट ऐकून घेतो, आणि तेच मला सहन होत नाही.