हरण्याची जात

"जाऊ दे रे. मॅडम रिझर्व्हेशनमधून आल्यात. त्यांना एवढं प्रेशर झेपत नाही."

अमेय बोलला हे. शनिवारी दुपारी, त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये. आम्ही पाच जण पाच कॉम्प्युटर मांडून बसलो होतो. शटर अर्धं वर होतं, बाहेर लख्ख ऊन. मी नुकताच हेडफोन काढून त्याच्या बायकोने केलेल्या पोह्यांचा घास तोंडात घातला होता.

आम्ही मॅच हरलो होतो. माझ्यामुळे हरलो होतो. लपवत नाही. पाच विरुद्ध पाच असा बंदुकीचा गेम. एका टीमने बाँब लावायचा, दुसरीने तो निकामी करायचा. आमचे चौघं मेलेले. मी एकटी उरलेली आणि समोर दोघं. एकाला पाडलं. बाँबपाशी बसले. मागून पावलं वाजली. वळले, पण मनगटात कळ आली आणि माउस जिथे थांबायला हवा होता त्याच्या पुढे गेला. अर्धा सेकंद. तेवढ्यात खलास.

अमेयच्या वाक्यावर कौस्तुभ खदखदून हसला. "मेरिट लागतं बाबा, मेरिट!" म्हणाला. कौस्तुभचा धाकटा भाऊ निखिल हसला. पाचवा सिओने. तो इथल्या, ऑकलंडच्या मनुरेवा भागातला, आईवडील सामोआचे, आमच्याच ऑफिसात सपोर्टला. त्याला मराठी कळत नाही. त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "एवढं हसायला काय झालं?"

अमेय म्हणाला, "काही नाही, ब्रो. मराठी जोक आहे. ट्रान्सलेट होत नाही."

"स्वीट अ‍ॅज," सिओने म्हणाला, म्हणजे 'चालतंय', आणि चिप्सची पिशवी फोडली.

आणि मी? मीही हसले.

हे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं. मी हसले. दात दाखवून. तोंडात पोह्यांचा घास असताना. मग उठून बाथरूममध्ये गेले आणि तो घास बेसिनमध्ये थुंकला. कढीपत्त्याचं पान जाळीला चिकटून बसलं. ते बोटाने काढलं, नळ सोडला, बेसिन धुऊन काढलं. त्यांचं बेसिन घाण राहू नये म्हणून. तेव्हाही मला त्यांच्या बेसिनची काळजी. आरशात बघितलं तर ओठ अजून हसण्याच्याच आकारात होते. मला शिसारी आली. त्यांची नाही. माझी.

बाहेर गौरी उभी होती, अमेयची बायको. तिने ऐकलं होतं. दंडाला हात लावून म्हणाली, "मनावर नको घेऊस गं. तो सगळ्यांशीच असं बोलतो."

सगळ्यांशी नाही बोलत. निखिल दर मॅचला तीनदा चुकतो. त्याला अमेय म्हणतो, "असू दे रे, आज सर्व्हर घाण आहे." सर्व्हर सिडनीला. न्यूझीलंडहून खेळताना गोळी पोचायला जरासा वेळ लागतोच, त्याला लॅग म्हणतात. कौस्तुभ चुकला की इंटरनेट खराब. अमेय स्वतः चुकला की दिवसभराच्या मीटिंगांनी डोकं उठलेलं. त्यांच्या हरण्याला लॅग असतो. माझ्या हरण्याला जात असते.

त्यांना जात कशी कळली? मी सांगितली नव्हती. माउंट वेलिंग्टनच्या आमच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात अमेयने विचारलं होतं, "तू मूळची कुठली?" परभणी म्हटलं. "अच्छा. आणि आडनाव हेच का, की लग्नानंतरचं?" म्हटलं, हेच. तो "ओके ओके" म्हणाला. एकदा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो त्याने बघितला. तेव्हाही "ओके ओके" म्हणाला. दोन वर्षं ते ओके त्याने जपून ठेवलं होतं.

मी खेळायला कशी लागले ते सांगते. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर, आई अंगणवाडीत मदतनीस. मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. प्रवेशाची यादी नोटीस बोर्डावर लागली होती. नावापुढे दोन अक्षरं. चार वर्षं मी त्या दोन अक्षरांची होते. प्रॅक्टिकलला जोडीदार मिळायचा नाही. मार्क चांगले पडले तर "यांना काय, सोपं असतं." कमी पडले तर "बघा, म्हणून सांगत होतो." हॉस्टेलसमोर एक सायबर कॅफे होता. मैत्रिणीबरोबर एकदा गेले, तिच्या भावाचा फॉर्म भरायला. मागच्या खोलीत मुलं हा असलाच गेम खेळत होती. एक जागा रिकामी होती, मालक म्हणाला, बसा ताई. मी बसले. तिसऱ्या रविवारी मी त्या खोलीतल्या सगळ्यांना हरवलं. तिथे कुणी कुठली यादी लावली नव्हती. नेम लागतो किंवा लागत नाही, एवढंच. मला वाटलं, जगात एक तरी जागा सापडली.

आता मी छत्तीसची आहे. या गेममध्ये छत्तीस म्हणजे म्हातारपण. समोर सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात. ती आधी बघतात, आधी मारतात. माझी रँक दर मोसमाला खाली घसरायला बघते. ती धरून ठेवायला मी काय काय केलं! पापाटोएटोच्या माझ्या फ्लॅटमध्ये रोज ऑफिसला जायच्या आधी पाऊण तास नेमबाजीचा सराव. पडद्यावर गोळे येतात, त्यांना मारायचं. हजार गोळे. मनगट सुजलं. फार्मसीत गेले तर फार्मासिस्ट नाशिकची निघाली. पट्टा देताना म्हणाली, "टायपिंग कमी करा हो." मी हो म्हटलं. गेममुळे झालंय म्हणायची लाज वाटली. मग पट्टा बांधून सराव.

कशासाठी? जिंकायची हौस होती म्हणून? मीही तसंच समजत होते. त्या शनिवारी पापाटोएटोला परत येताना ट्रेनमध्ये कळलं. ते वाक्य कुणी बोलू नये म्हणून. एवढ्यासाठी मी हजार गोळे मारत होते. चुकलेच नाही तर बोलणार कसे? शाळेत पहिला नंबर त्यासाठी. कॉलेजात रात्रंदिवस अभ्यास त्यासाठी. ऑफिसात दुसऱ्यांचे बग मी शोधायचे त्यासाठी. आयुष्यभर एक वाक्य टाळत आले. आणि ते शेवटी आलंच. अर्ध्या सेकंदात आलं. जणू तयारच होतं त्याच्या जिभेवर, मी चुकायची वाट बघत.

आणखी एक गोष्ट आठवली.

काही महिन्यांपूर्वी, अमेयच्याच गॅरेजमध्ये खेळताना, एका मॅचमध्ये समोरच्या टीममधला एक गोरा पोरगा आमचे उच्चार ऐकून ओरडला होता, "घरी जा, करी खाणाऱ्यांनो." अमेयचा चेहरा पांढराफटक पडला. मी बघितलंय. त्याने क्लिप सेव्ह केली, गेमच्या कंपनीला तक्रार केली, त्या पोराचं अकाउंट बंद करवलं. ऑफिसच्या ग्रुपवर पान भरून लिहिलं. डायव्हर्सिटीच्या लंचला त्याला बोलायला बोलावलं. सुरुवातीला माओरी नमस्कार, किया ओरा, म्हणाला, मग म्हणाला, "असा शब्द ऐकला की माणूस एका क्षणात लहान होतो." त्याचा आवाज भरून आला होता. खोटं नव्हतं ते. सगळे उभे राहिले. मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

म्हणजे त्याला माहीत होतं. कसं वाटतं ते त्याला पक्कं माहीत होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही आपापल्या घरून खेळत होतो. तीन आठवड्यांवर ऑकलंडच्या टीमांची स्पर्धा होती. पहिल्याच मॅचला निखिलने दारातून उडी मारली आणि कारण नसताना मेला. अमेय म्हणाला, "असू दे, सर्व्हर." पुढच्या राऊंडला मी एक गोळी चुकले. एक. अमेय हेडफोनमध्ये हसला.

"चला, आजचा कोटा भरला."

कौस्तुभ हसला. मी हसले नाही. माझा आवाज मलाच परका वाटला, पण निघाला. इंग्रजीत निघाला.

"सिओने, मागच्या आठवड्यात तू विचारलं होतंस ना, जोक काय होता?"

"हो," तो म्हणाला.

"ट्रान्सलेट होतो. सांगते." आणि मी सांगितलं. सावकाश. आमच्याकडे जात असते, जन्माने मिळते. माझ्या लोकांना हजारो वर्षं माणसांत धरलं नाही. पाण्याला शिवू दिलं नाही. नंतर कायद्याने कॉलेजात, नोकरीत काही जागा राखून ठेवल्या. अमेय म्हणाला, ही तशा जागेवरून आलीय, म्हणून हिला खेळता येत नाही. कौस्तुभ म्हणाला, त्याला लायकी लागते. आत्ता अमेय पुन्हा तेच म्हणाला. त्यावर सगळे हसले. मागच्या वेळी मीही.

गेम चालूच होता. कुणीतरी पडद्यावरच्या माझ्या माणसाला मारलं. मी हात लावला नाही.

अमेय मराठीत म्हणाला, "तू हे इंग्रजीत का बोलतेयस?"

हे विचारलं त्याने. मी असं बोललोच नाही, म्हणाला नाही. चुकलं, म्हणाला नाही. इंग्रजीत का, एवढंच.

"आपल्यातलं आपल्यात ठेवायचं ना," कौस्तुभ म्हणाला.

मी म्हटलं, "आपल्यातलं? मी कधी होते रे तुमच्यातली?"

सिओनेने शांतपणे विचारलं, "अमेय, तू हे बोललास?"

"ब्रो, हे कॉम्प्लिकेटेड आहे. कल्चरल आहे."

"त्या पोराने करी म्हटलं ते नव्हतं कॉम्प्लिकेटेड," सिओने म्हणाला.

टिंग वाजलं. मला कॉलमधून काढून टाकलं होतं. पाच मिनिटांत ग्रुपमधूनही काढलं.

संध्याकाळी कौस्तुभचा मेसेज आला. "मित्र म्हणून सांगतो. सॉरी म्हण, अमेय घेईल परत. उगाच स्पर्धेच्या तोंडावर टीम नको फोडूस." मी लिहिलं, "सॉरी कुणी म्हणायला हवं, ते नीट विचार करून बघ." त्याने अंगठा पाठवला. अंगठा! कशाला, कुणास ठाऊक. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी टाकलं, "काही लोक सातासमुद्रापार येऊनही जातीचं राजकारण सोडत नाहीत." खाली चाळीसेक नमस्कार. त्यात गौरीचाही होता.

सोमवारी सिओने माझ्या डेस्कपाशी आला. म्हणाला, "वाईट झालं, सिस. पण मी त्यांना स्पर्धेचा शब्द दिलाय. खेळावं लागेल." मी म्हटलं, खेळ. तो खेळला. त्यांनी माझ्या जागी एक सतरा वर्षांचा पोरगा घेतला आणि तिसरे आले. फोटोत सगळे हसतायत. मी तो फोटो पूर्ण बघितला. नजर वळवली नाही.

मी ऑफिसात लेखी तक्रार दिली आहे. एचआरच्या बाईला जात हा शब्द तीनदा समजावून सांगितला. चौथ्यांदाही सांगेन. अमेय आता लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघतो. मी त्याच्याकडे बघते.

गेम सोडला नाही. का सोडू? मनगटाचा पट्टा असतोच, पण हजार गोळे बंद केले. रँक दोन पायऱ्या खाली आली. खाली येऊ दे.

गेल्या रविवारी सकाळी अनोळखी लोकांच्या टीममध्ये होते. माझं इंग्रजी ऐकून मेलबर्नचा एक जण खूश झाला. "मराठी का? अरे वा! आम्ही ठाण्याचे. आडनाव काय तुमचं?"

मी आडनाव सांगितलं. स्पष्ट, एकेक अक्षर.

"अच्छा," तो म्हणाला.

त्या राऊंडला मी सगळ्यात आधी मेले. गचाळ खेळले. तो बोलेल म्हणून मी माइक चालू ठेवून वाट बघत बसले. तो बोलला नाही. त्याचं नशीब.

मी हरणार आहे. पुष्कळ हरणार आहे. माझे डोळे मंदावतील, हात थरथरेल, पोरं मला उडवतील. हरणं माझं आहे, माझ्या लोकांचं नाही. माझ्या चुकीवर कुणाला माझी जात लिहू देणार नाही. जो लिहील त्याचं वाक्य तिथल्या तिथे, त्याच कॉलवर, सगळ्यांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवीन. मराठीत म्हणाल तर मराठीत. इंग्रजीत म्हणाल तर इंग्रजीत. तुमचे जोक ट्रान्सलेट करणारी इथे बसली आहे. आणि ती आता हसणार नाही.