शिशाचा एप्रन

गुंडेराव मैसूरच्या एका दवाखान्यासाठी शिशाचे एप्रन शिवत. एक्स-रे काढणाऱ्यांना किरण लागू नयेत म्हणून शिसं घातलेल्या रबरावर ते जाड कापड चढवून देत.

१९७९ साली त्यांच्या बायकोला, वेदवतीला, कॅन्सर झाला. त्याच दवाखान्यात तिला कोबाल्टचे किरण द्यायचं ठरलं. किरण चालू असताना खोलीत दुसऱ्या कुणी थांबायचं नसे.

"अहो, हात धरून बसा की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुंडेराव आपणच शिवलेला एप्रन घालून दाराशी गेले. मशीन चालवणाऱ्या पद्मनाभने त्यांना अडवलं.

"मामा, एक्स-रेचे किरण दुबळे, ते पातळ शिसंही गिळून टाकतं. हे फार जोराचे. थोडे अडतात, थोडे आपटून भलतीकडे उडतात, बाकीचे आरपार जातात. ह्यांना वीतभर शिसं लागतं."

"मग तेवढ्या जाडीचा शिवतो री."

"तो घालून उभं राहता येणार नाही, मामा."

पंचवीस दिवस वेदवती रोज काही मिनिटं आत एकटी पडून राही. गुंडेराव बाहेर बाकावर बसून तिच्याशी बोलत राहत. त्या दारातून आवाज जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

दिवाळीच्या आधी ती गेली. शेवटचे दोन दिवस घरी त्यांनी तिचा हात सोडला नाही. पण तोवर तिची शुद्ध हरपली होती.