सुरय्याभाबीच्या बूथचं दार

करंजवेळमध्ये पहिला फोन आला तो थेट कुलपात गेला. सरकारी कागदावर तो साऱ्या गावाचा होता, पण बसवला दादूशेटच्या ओटीवर, कारण गावात त्यांचं घर सर्वांत पक्कं आणि लाईनमनला चहा तिथेच मिळायचा. दादूशेटनी सुताराकडून त्याला सागवानी पेटी करून घेतली, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या करदोट्याला बांधली. करदोट्याची किल्ली बाईमाणसाने कशी मागायची, ते तुम्हीच सांगा.

मी वरच्या वाडीतली, तुळसाची मुलगी. माझे वडील महिपत मुंबईला गोदीत कामाला होते. त्यांचा फोन आला की दादूशेटच तो घेत, सगळं खोदून खोदून विचारत आणि आईला बोलावण्याऐवजी निरोप पाठवत, तोही मीठमसाला लावून. आपण फोन करायचा असला तर ओटीवर उभं राहून कुणाला आणि कशासाठी ते सांगायचं. कारण पटलं तर किल्ली निघे. मग बोलताना दादूशेट समोर झोपाळ्यावर सुपारी कातरत बसलेले. आई म्हणायची, "'सगळा बरा हाय' एवढाच बोलून येतंय मी. बरा नसला तरी."

सुरय्याभाबी खालच्या मोहल्ल्यातली. अंगाने काडी, आवाज मात्र खाडीपलीकडे जाईल असा. तिचा नवरा हमीद आखातात, दम्मामला होता. भाबीच्या तोंडाला लागायला मोहल्ल्यातले पुरुषही कचरत, आणि मला ती लहानपणापासून त्यासाठीच आवडायची. आमच्या गावात गप्प बसणाऱ्या बायका खूप होत्या, आणखी एक नको होती.

१९९८ सालची गोष्ट. भाबी सकाळी जेटीवर मासळी घ्यायला गेली. तिथे गोदूबाई बांगडे मांडून बसायची. तिने चांगले चांगले बांगडे निवडून भाबीच्या टोपलीत टाकले आणि हळू आवाजात म्हणाली, "ने गो. पैशाचा मागसून बघू. घोवाची नोकरी गेली, आता सांभाळून ऱ्हायला पायजे."

भाबीला काही कळेना. मग कळलं. हमीदचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता. तो दादूशेटनी घेतला, संध्याकाळी पारावर सांगितला, पारावरून तो पेठेत गेला, पेठेतून जेटीवर. बायकोपर्यंत तो सगळ्यांत शेवटी पोचला, तोही बांगड्यांबरोबर.

ती टोपली घेऊन तशीच दादूशेटच्या ओटीवर चढली. "माझ्या घोवाची नोकरी गेली, ती मना मासळीवालीने सांगायची?"

"अगो, तुला धक्का बसेल म्हणून जरा थांबलो," दादूशेट म्हणाले.

"धक्का माझा हाय. तो माझ्याच घरी पाठवायचा."

"एवढा वाटतो तर स्वतःचा फोन घे," दादूशेट हसले. ओटीवरची माणसंही हसली.

"घेतंय," भाबी म्हणाली, आणि उतरली. बांगडे तिने गोदूबाईला परत नेऊन दिले. दयेची मासळी तिच्या घरात शिजत नव्हती.

मग ती रत्नागिरीला टेलिफोनच्या ऑफिसात गेली. एकदा नाही, कितीदा तरी. एसटी सकाळची, परत यायला संध्याकाळची. साहेब म्हणाले, गावात सार्वजनिक फोन आहे, दुसरा कशाला? भाबी म्हणाली, "हाय साहेब. पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला हाय." साहेबाला आधी समजलं नाही, मग समजलं आणि तो बराच वेळ हसला. माणूस बरा होता. त्याने सांगितलं, तुम्ही स्वतःच्या जागेत एसटीडीचं बूथ टाका, मंजुरी मी बघतो, फक्त शेजारच्या गावातल्या एक्स्चेंजपासून खांब यावे लागतील आणि खांबांना कुणाची हरकत नको.

हरकत कुणाची असणार, हे सांगायला नको. एक्स्चेंज आणि मोहल्ला यांच्या मधोमध दादूशेटची हापूसची बाग. "माझ्या कलमांतून तार जायची नाय," त्यांनी जाहीर केलं. "तारेवर वीज पडेल आणि मोहोर जळेल." मोहोराच्या दिवसांत आमच्याकडे वीज पडत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दादूशेटना कोण सांगणार?

भाबीने सांगितलं नाही. तिने बागेला वळसा घातला. माझी आई आणि ती, दोघी उन्हातून वाट शोधत फिरल्या. कबरस्तानच्या दगडी गडग्याला लागून खांब रोवायला मोहल्ल्याची जमात तयार झाली. तिथून गोदूबाईच्या घरामागचं परडं. तिथून आमचं खळं. आमच्या खळ्यात खांब येणार म्हणून आई अशी फुगली होती की जणू सूनच येतेय. पण मध्ये एक तुकडा राहत होता, ग्रामदेवतेचा माळ. तो ओलांडल्याशिवाय तार जुळत नव्हती, आणि देवळाचे पहिले मानकरी होते दादूशेट.

ते नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "देवाची जागा. देवाला विचारू. कौल लावू."

आमच्याकडे गावात काही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्यानंतर कुणी बोलायचं नाही. बाळा गुरव दादूशेटच्या जमिनीत राहायचा, त्यांच्याच घरचे तांदूळ खायचा. त्यामुळे डावी पाकळी पडणार, हे दादूशेटनी धरूनच ठेवलं होतं. भाबीसुद्धा त्या दिवशी जरा खचलेली दिसली. मोहल्ल्यातल्या बायका घेऊन ती देवळाबाहेर वडाखाली उभी राहिली, आत माझी आई होती.

गाऱ्हाणं दादूशेटनी स्वतः सांगितलं. बाळाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडून बाजूला झाला. सगळं देऊळ बघत होतं. उजवी पाकळी पडली.

"परत लाव," दादूशेट म्हणाले.

"देवानं सांगितला," बाळा खाली बघत म्हणाला. "परत विचारला तर देवाला राग येल."

देवाचं देव जाणे. पण बाळा गुरवाचा मुलगाही मुंबईत होता. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा ती बातमी बाळाला पारावर, चारचौघांत, दुसऱ्याच्या तोंडून कळली होती. उजवीकडच्या पाकळीला पाणी जरा कमी लागलं असेल तर ते कुणी बघितलं नाही, आणि बघितलं असेल तर सांगितलं नाही. दादूशेटची चूक एवढीच झाली की देवाला मध्ये घातलं. माणसाचा होकार फिरवता येतो, कौल फिरवता येत नाही.

टेलिफोन खात्याने खांब आणून टाकले. खड्डे मारायला माणसं कमी पडत होती, तर गावातल्याच बायका-बापये उतरले. आमची जमीन जांभ्याची. जांभा फोडायला पहार लागते आणि राग लागतो, आणि दोन्ही आमच्याकडे भरपूर होतं. आईच्या हाताला फोड आले तरी तिने पहार खाली ठेवली नाही.

भाबीने बूथ घराच्या पडवीत केलं. पिवळी पाटी, आत एक स्टूल, बाहेरून दिसेल असा लाल आकड्यांचा मीटर. आणि दार. अॅल्युमिनियमच्या चौकटीचं, काचेचं, रत्नागिरीहून टेम्पोत गाद्यांमध्ये गुंडाळून आणलेलं. फोनपेक्षा त्या दाराचं तिला कौतुक. कुणी आत गेलं की ती दार ओढून घ्यायची, रेडिओ मोठा करायची आणि स्वतः अंगणात फणसाखाली जाऊन बसायची. मुंबईहून किंवा आखातातून कुणाचा फोन आला तर ती नाव तेवढं विचारायची, थोड्या वेळाने परत करा म्हणून सांगायची आणि पितळी थाळा बडवायची. एक ठोका मोहल्ल्याला, दोन ठोके वरच्या वाडीला. मग नाव ओरडायची. कामं टाकून बायका धावत सुटायच्या. निरोप ती कधीच घ्यायची नाही. वडील एकदा म्हणाले, भाबी, घाईत आहे, तुळसाला एवढंच सांगा. भाबी म्हणाली, "तुमची बायको, तुमचा तोंड. मी मधली कोण?"

आई पहिल्यांदा दार लावून बोलली तेव्हा मी फणसाखाली होते. काचेतून तिचे हात दिसत होते. माझी आई बोलताना हात हलवते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. ती आत रडलीही आणि हसलीही. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचा हाय?" आणि पदर खोचून तरातरा निघून गेली.

दादूशेटच्या पेटीचं कुलूप गंजलं. आम्हाला कुणाला वाईट वाटलं नाही.

मग मोबाईल आला. २००४ सालच्या सुमाराला एका खासगी कंपनीने आमच्याकडे टॉवर उभा केला. कुठे, तर दादूशेटच्या बागेत. ज्या कलमांतून एक तार जात नव्हती ती कलमं तोडून त्यांनी अख्खा टॉवर घेतला. मोहोर कसा काय जळला नाही कोण जाणे. त्यांचा मुलगा विनीत पेठेत कार्डं विकायला बसला. वर्षभरात दुसरी कंपनीही आली, दोघींची जुंपली आणि बोलणं स्वस्त होत गेलं. बूथवरचं बाकडं ओस पडायला लागलं.

विनीत बूथवरून जाताना मुद्दाम हाक मारायचा, "भाबी, थाळा मोडीत काढा आता."

"तुझ्या कंपनीला आणि दुसरीला भांडू दे चांगली," भाबी म्हणायची. "एकटा असला की त्याचा दादूशेट होतो."

हमीदभाई तोवर कायमचे परत आले होते. त्यांनीही समजावलं, बंद कर, आता कोण येतंय. भाबी ऐकेना. आणि खरं सांगायचं तर येणारे येतच होते. मोहल्ला उताराखाली आडोशाला, तिथे रेंज लागायची नाही. बोलायचं तर जेटीच्या धक्क्यावर जाऊन बोंबलायला लागायचं, आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते बोटीवरच्या खलाशांनाही कळायचं. शिवाय मोबाईल घरात आला म्हणजे बाईच्या हातात आला असं नव्हे. महरीन नवी नवरी, नवरा दोह्याला. घरचा मोबाईल सासूच्या बटव्यात, आणि फोन आला की सासू तो स्पीकरवर ठेवून शेजारी बसणार. महरीन पाणी भरायच्या निमित्ताने बूथवर यायची. घागर बाहेर, ती आत, दार बंद. सासू विचारायला आली तर भाबी म्हणायची, "हय बायका येतात नि जातात. मी तोंडा बघत नाय."

शेवटी खात्याचा माणूस आला. वापर कमी झालाय, लाईन काढायची आहे, सही करा. भाबी फणसाखालून उठलीसुद्धा नाही.

"तार काढ. पण खांब ज्याच्या जागेत हाय त्याला विचारून काढ. कबरस्तानला जमातीला विचार. मग गोदूबाईला. मग तुळसाला. आणि माळावर देवाला विचार. कौल लाव जा."

तो बिचारा खरंच गेला. जमातीने नाही सांगितलं. गोदूबाईने मासे कापायची सुरी हातात ठेवूनच बोलणं केलं. आईने त्याला पाणी दिलं, बसायला पाट दिला आणि नाही सांगितलं. बाळा गुरव म्हणाला, कौल अमावास्येनंतर. माणूस परत आला तो फणसाखाली बसून हसायला लागला. वापर कमी असला तरी चालू आहे, असं लिहून तो निघून गेला. परत कुणी आलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी दादूशेट बूथवर आले. म्हातारे झाले होते, काठी टेकत उतार उतरले होते. बाकड्यावर मी होते, महरीन होती. आम्ही उठलो नाही. त्यांच्या करदोट्याला आता किल्ली नव्हती. घरात तीन मोबाईल होते, तिन्ही विनीतच्या ताब्यात.

"काय काम?" भाबीने विचारलं.

"फोन करायचा हाय."

"डोक्यावर टॉवर हाय तुमच्या."

दादूशेटनी काठी बाकड्याला टेकवली. "तिकडे बोलता येत नाय," ते म्हणाले. "सगळे ऐकतात."

त्यांची मुलगी सगुणा दापोलीला होती. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनीच तिचं नाव घरात घ्यायला बंदी केली होती, आणि आता ती बंदी विनीत पाळत होता. हे आम्हाला माहीत होतं. मला वाटलं, आता भाबी बोलणार. त्या बांगड्यांचा सगळा हिशोब आज निघणार. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मी आसुसले होते.

भाबी उठली. तिने काचेचं दार उघडलं आणि स्टूल पदराने पुसलं.

"दार ओढून घ्या," ती म्हणाली. "बाहेर काय ऐकू येत नाय."

तिने रेडिओ मोठा केला आणि आम्हा दोघींना हाताला धरून फणसाखाली नेलं. काचेतून दिसत होतं, दादूशेटही बोलताना हात हलवत होते. बराच वेळ बोलले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. काठी टेकत चढण चढून गेले.

पुढच्या शिमग्याला सगुणा आली. मुलांना घेऊन, उजळ माथ्याने, पालखीच्या पुढे नाचली. गावभर चर्चा, दादूशेट पाघळले कसे, तिला नेमकं म्हणाले तरी काय? मला राहवेना. मी भाबीला गाठलं. भाबी, तुम्हाला माहीत असणार. खरं सांगा, काय बोलला तो माणूस त्या दिवशी?

भाबीने मला नखशिखान्त बघून घेतलं.

"त्याला विचार, नायतर त्याच्या पोरीला," ती म्हणाली. "बातम्या दादूशेटच्या ओटीवर मिळत. माझ्या हय फोन मिळतो."